गाडी सेल घेईना

परभणीत माणूस आजारी पडला तर लोक संध्याकाळी सावकाश भेटायला येतात. गाडी आजारी पडली तर लगेच येतात, तेही तोंडात ब्रश धरून.

डिसेंबर होता. कृषी विद्यापीठाकडचा पारा एक आकडी झालेला आणि मला सकाळीच लातूरला साखरपुड्याला निघायचं होतं. चावी फिरवली. बॉनेटखालून नुसतंच टक-टक-टक-टक.

"डिझेल पंप गेला," समोरचे काका फेस सांभाळत म्हणाले.

"कशाचा पंप? सेल्फ जळालंय," दूधवाल्यानं कॅन खाली ठेवली. तिसऱ्यानं काहीच न बोलता मागून खांदा लावला. गाडी गिअरमध्ये आहे अन् हँडब्रेकही ओढलेला आहे, हे त्याला सांगेस्तोवर तो घामाघूम.

खरं म्हणजे त्या टकटकीतच निम्मं निदान असतं. भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) ओढायला बघतोय, पण करंट पुरत नाही. बॅटरी नाहीतर टर्मिनल, म्हणजे तिच्यावरची वायर जोडायची टोकं. एकदाच 'टक' होऊन गप्प अन् दिवे लख्ख, तर स्टार्टरकडे, म्हणजे सेल्फकडे, बघायचं. मी हेडलाइट लावून सेल मारला. भिंतीवरचा उजेड पिवळा पडत पार विझायला आला. बॉनेट उघडलं, तर प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर. आधी मायनस, मग प्लस सोडवला, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला. थर फसफसत निघाला. (सोडा देताना बायको म्हणाली, "भज्यांपुरता ठेवा.") टर्मिनल आवळले, चावी फिरवली. टक-टक-टक.

"पंप," काका म्हणाले.

शेवटी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन पोरगा मीटर घेऊन आला. आकडा 12.4 व्होल्ट. गर्दीत उत्साह पसरला, बॅटरी तर ठणठणीत!

"दम धरा. सर, मारा सेल."

आकडा धाडकन 7 वर. सेल मारताना तो साडेनवाच्या खाली गेला की बॅटरी संपली समजायचं. नुसती बसून असेपर्यंत बॅटरी लग्नघरातल्या भाच्यासारखी कर्तबगार दिसते; पातेलं उचल म्हटलं की कंबर धरते.

"थंडीनं गेली बिचारी," दूधवाला हळहळला.

"थंडीनं न्हाई ओ, मे महिन्यातच गेली ती," पोरगा म्हणाला.

हे मला शंभर टक्के पटलं. आपल्याकडच्या 43 अंशांत ती बॉनेटखाली अक्षरशः शिजते, आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. मग थंडीत ऑइल दाट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, तेव्हा आपल्याला पत्ता लागतो. उन्हाळा नामानिराळा.

नवी बॅटरी बसली. जुनीचे शिशाच्या भावानं पैसे वजा झाले, तेवढाच साखरपुड्याचा आहेर. एका सेलमध्ये इंजिन सुरू. पोरानं पुन्हा मीटर लावलं: 14.2, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटरही बॅटरी चार्ज करतोय.

काकांनी बॉनेटला कान लावून नीट ऐकलं.

"बगा, पंप बी आता कसा झकास चालायलाय."