‘चिकटवल्यासारखं दिसतंय’ या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

ताई नमस्कार, मी स्टुडिओचा मालक स्वतः लिहितोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की वारलेल्या बाबांचा फोटो भावाच्या लग्नाच्या फॅमिली फोटोत घालायला दिला होता, चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, २२०० रुपये घेतले आणि आईने बघितल्या बघितल्या ‘चिकटवल्यासारखं दिसतंय’ म्हणून फ्रेम बाजूला ठेवली, आणि हेच काम मोबाईलवरचं ॲप दोन मिनिटात फुकट करतं.

दिवसांचं आधी बोलतो. चूक आमची. लग्नसराई होती हे खरं, पण तसा फोन करायला पाहिजे होता, तुम्हाला तीन फेऱ्या पडल्या त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता कामाचं. तुम्ही दिलेला फोटो म्हणजे भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलने काढलेला फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणजे आधीच दाबून बारीक झालेला. काचेवर ट्यूबलाइटची पट्टी, ती बरोब्बर चष्म्याच्या एका काचेवर, आणि बाबा फक्त छातीपर्यंत. तुम्हाला हवे होते पूर्ण उभे, आईंच्या शेजारी, १२ बाय १८ साइजमध्ये. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरून, ही प्रिंट ५४०० बाय ३६०० पिक्सेलची होते, त्यात चेहरा एक इंच धरला तरी ३०० पिक्सेल लागतात, तुमच्या फाइलमध्ये जेमतेम निम्मे होते. आणि बाबांचं छातीखालचं अंग फोटोत नव्हतंच, म्हणून तर काकांना बोलावून घेतलं, अंगकाठी सारखी आहे ना दोघा भावांची, त्यांना नेहरू शर्ट घालून स्टुडिओत उभं केलं, कॅमेरा लग्नातल्या फोटोच्याच उंचीवर लावला आणि स्टेजवर होता तसा पिवळा लाइट मागून मारला.

खरी अडचण उजेडाची. बाबांच्या फोटोत उजेड डावीकडून, खिडकीचा, आणि स्टेजवर फ्लॅश उजवीकडून. चेहरा आरशासारखा उलटा केला की हे एका क्लिकमध्ये जुळतं, बरेच जण तेच करतात. पण मग भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि घरच्यांना तो माणूस परका वाटतो, म्हणून मी चेहरा कधीच उलटा करत नाही. अंधारातला गाल हाताने हळूहळू उजळवला, दोन दिवस त्यातच गेले, मग पायाखालची सावली आईंच्या सावलीच्या दिशेने घेतली.

ॲपचा फोटो तुम्ही मला पाठवला होता, तो मी नीट बघितला. साफ आहे, चकचकीत आहे. पण बारीक फाइलमध्ये जे नाही ते ॲप मनाने भरतं. बाबांच्या भुवईवरची खूण गेलीय, ओठ जाड झालेत, दात तर दुसऱ्याच कुणाचे आहेत. ताई, तो साठीतला एक चांगला दिसणारा माणूस आहे, तुमचे बाबा नाहीत.

आणि हे फोटो जोडायचं काम काही आजचं नाही हो. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर नावाच्या फोटोग्राफरने १८५७ साली तीसच्या वर निगेटिव्ह एकाच चित्रात बसवल्या होत्या. माझे वडील डार्करूममध्ये काळा कागद चेहऱ्याच्या आकाराचा कापून एकाच पेपरवर दोन निगेटिव्ह एक्स्पोज करायचे, कडेला पुसट पांढरी रेघ आली की पेपर फाडून पुन्हा पहिल्यापासून.

तर आईंचं वाक्य मला झोपू देईना. काल फाइल परत उघडली, २०० टक्के झूम करून कडा बघितल्या, कानामागचे केस, कॉलर, सगळं ठीक. मग मूळ फोटो शेजारी ठेवला आणि कळलं. बाबांची मान किंचित एका बाजूला कललेली आहे, तो खांदाही थोडा खाली. काकांच्या ताठ अंगावर ती मान विचित्र दिसत होती म्हणून मी ती फिरवून सरळ केली. फार नाही, चारएक अंश. आईंना खटकलं ते हेच असणार. चेहरा बदलत नाही म्हणून मी इतकं सांगतो आणि त्यांची मान मात्र मीच बदलली, ही चूक माझी आहे, आणि आईंना ती माझ्या आधी दिसली.

मी नव्याने करतोय. मान होती तशीच ठेवून काकांचा खांदा खाली घेतोय. पैसे एक रुपयाही लागणार नाही. फक्त एक करा, भिंतीवरची फ्रेम उघडून मूळ फोटो आणा, मी इथे स्कॅन करतो, आणि जुन्या अल्बममध्ये बाबांचा उभा फोटो असेल, कितीही लहान असो, तोही आणा, ते कसे उभे राहायचे ते मला बघायचंय.

प्रिंट काढायच्या आधी आईंना स्क्रीनवर दाखवायचंय. शनिवारी दुपारी इथे गर्दी नसते. त्यांना जिना चढवत नसेल तर मी लॅपटॉप घेऊन घरी येतो, वेळ तेवढी कळवा.