विषय गावातच आहेत

विद्यार्थी प्रकल्पाला हुंडा, स्त्रीशिक्षण, संतसाहित्य असे तेच ते विषय घेतात, अशी तक्रार एका लेखात वाचली; ती खरी आहे. पण विषयांची यादी आम्ही शिक्षकच देतो ना! मी अमरावती जिल्ह्यात बीएला मराठी शिकवते. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी १३व्या शतकात महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या, त्याही माणसं गाठून, विचारून. यंदा मुलांना तसंच करायला सांगितलं. एका मुलीनं आजीच्या ओव्या उतरवल्या. आजी म्हणाली, "अशा नाई आठवत वं माय, जातं फिरलं पायजे." मग मूठभर ज्वारी आणली, जातं फिरलं आणि सासुरवासाच्या बावीस ओव्या निघाल्या. त्या वहीवर अजून पीठ आहे. ते मी झटकलं नाही.