विष्णूसोनाची आंघोळ

रेक्याविकच्या एका सार्वजनिक तरणतलावावर गेल्या आठवड्यात मला, वयाच्या ६४ व्या वर्षी, दोनदा ‘पुन्हा आंघोळ करून या’ असे सांगण्यात आले. ज्याच्या आजीने सोवळ्यापायी सख्ख्या नातवंडांना चार हात लांब ठेवले आणि जो स्वतः आंघोळ झाल्याशिवाय चहालाही शिवत नाही, त्या माणसाला आइसलंडने साबण दाखवून ओवळा ठरवावे, हे मला अजून पचलेले नाही.

तिकडे जाण्याचे कारण भाचा. तो तेथे नोकरीला आहे, आणि ‘मामा, इथे येऊन पाण्यात उतरला नाहीत तर काय पाहिलेत?’ हे त्याचे पालुपद होते. नुकतीच ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’ या नावाची सरकारी सुट्टी होऊन गेली होती. तो दिवस एप्रिलमधल्या एका गुरुवारी येतो, कारण त्यांच्या जुन्या पंचांगात हिवाळा आणि उन्हाळा असे दोनच ऋतू आहेत. त्या उन्हाळ्यात बाहेर बर्फ भुरभुरत होते.

कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर बूट काढावे लागले, तेव्हा देवळात आल्यासारखे वाटून मी थोडा सैलावलो. आत मात्र भिंतीवर मनुष्याकृतीचे एक चित्र होते, आणि त्यातील डोके, काखा, जांघा व पावले तांबड्या रंगाने दाखवली होती. पोहण्याचा पोशाख न घालता ही स्थळे साबणाने धुतल्यावाचून पुढे जाऊ नये, असा मजकूर अनेक भाषांत होता. मराठीत नव्हता, एवढाच दिलासा.

पंचाआड कपडे बदलणे ही आपल्याकडची अभिजात कला आहे. पंचाचे एक टोक दातांत धरायचे, दुसरे कमरेशी आवळायचे, उजव्या हाताने जुने वस्त्र खाली सोडायचे आणि ते जमिनीवर पडायच्या आत डाव्या पायाने नव्यात शिरायचे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांवर शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत मी हे केले आहे आणि कोणालाही कधी काहीही दिसलेले नाही. त्याच कौशल्याने मी येथेही चड्डी चढवली आणि ‘नागव्याने आंघोळ करू नये’ या वडिलांच्या शिकवणीला स्मरून चड्डीसकट फवाऱ्याखाली उभा राहिलो. माझ्या आजूबाजूला दहा-बारा पुरुष जन्मले तसे उभे होते आणि हवापाण्याच्या गप्पा मारीत होते.

दाराशी फरशीवरचे पाणी ओढायचा वायपर घेऊन एक धिप्पाड गृहस्थ उभा होता. मी तलावाकडे निघताच त्याने वायपर आडवा धरला आणि ‘चड्डी’ एवढा एकच शब्द उच्चारला. मी परत फिरलो, भिंतीकडे तोंड केले आणि जे करायचे ते मिनिटभरात उरकले. पुन्हा दाराशी गेलो, तर त्याने ‘साबण’ म्हणून त्या चित्रातील तिसऱ्या तांबड्या ठिकाणावर वायपरचा दांडा टेकवला. ज्या माणसाने नोकरीत तीस वर्षे इतरांच्या कामातल्या चुका काढल्या, त्याच्या चुका आज कोणीतरी दांड्याने दाखवीत होते. त्याच वेळी पंधरा-सोळा वर्षांचा एक स्थानिक पोरगा केसांना दोन बोटे पाणी लावून आमच्यामधून निघून गेला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. मी त्याच्याकडे बोट दाखवले, तेव्हा रखवालदार शांतपणे म्हणाला, “त्याला मी ओळखतो.” चार लाखांनाही न पोहोचलेल्या लोकसंख्येत कोण कोणाला ओळखत नाही, हाच खरे तर प्रश्न आहे.

तिसऱ्यांदा फवाऱ्याखाली गेलो, तेव्हा शेजारचे आजोबा बोलू लागले. वय ऐंशीच्या घरात, सर्वांगाला फेस, डोळे मिटलेले.

“नाव काय तुझे?” (त्यांच्या इंग्रजी प्रश्नाचे भाषांतर मी ‘तू’ असे करतो, कारण आइसलंडिक भाषेतील आदरार्थी रूप जवळजवळ मोडीत निघाले आहे आणि तेथे राष्ट्राध्यक्षालाही पहिल्या नावाने हाक मारतात.)

मी पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावे सांगितली.

“माधव विष्णू. म्हणजे तू विष्णूसोन, विष्णूचा मुलगा.”

“तसेही म्हणता येईल. पण आडनाव राहिले.”

“ते कशाला?”

“घराणे कळावे म्हणून.”

“बापाचे नाव सांगितलेस ना? मग कळले घराणे. आमची टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावाने लागायची. बरे, विष्णू कोणाचा?”

“गोविंदाचा.”

“आणि गोविंद?”

“सदाशिवाचा.” हे उत्तर मला देता आले, कारण श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात.

“सदाशिव कोणाचा?”

गुरुजींनी येथवरच शिकवले होते. अंगावर गरम पाणी, हातात साबण आणि चौथ्या पिढीशी खुंटलेला वंश, अशा स्थितीत मी उभा राहिलो. आजोबांनी एक डोळा उघडला आणि फार कनवाळूपणे विचारले, “संपले?”

मग त्यांनी आपला वंश सांगायला घेतला. काख धुताना ते एकोणिसाव्या शतकात होते, पावलांपर्यंत आले तेव्हा १५५० साल उजाडले होते. त्या वर्षी देशाचे धर्मसुधारणेआधीचे शेवटचे कॅथलिक बिशप योन आरासोन यांचा, दोन मुलांसह, स्काउल्होल्ट येथे शिरच्छेद झाला. आजोबा त्यांचे वंशज होते. कॅथलिक बिशप तर ब्रह्मचारी, मग त्याला मुले कशी, हे विचारण्याचा मला त्या अवस्थेत धीर झाला नाही. पण एका हुतात्म्याच्या वंशजाच्या शेजारी विवस्त्र उभे राहिल्याने मी भारावून गेलो, हे खरे. संध्याकाळी भाच्याने सांगितले की आजच्या जवळजवळ प्रत्येक आइसलंडरचा हा बिशप पूर्वज आहे आणि वंशावळी तेथे संगणकावर घरबसल्या पाहता येतात. याचा अर्थ तो वायपरवालाही त्याच कुळातला. अख्खे न्हाणीघर एकमेकांचे भाऊबंद होते आणि परका असा मी एकटाच.

या सक्तीमागे कारण आहे, तेही आजोबांनीच सांगितले. तलावात क्लोरीन फार कमी घालतात, म्हणून माणसानेच आधी स्वच्छ व्हायचे. हे पटण्याजोगे आहे. मात्र त्यांच्या नळाचे गरम पाणी जमिनीखालून येते आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो. परंपरेने सांगतात त्याप्रमाणे ८७४ साली वस्तीला आलेल्या इंगोल्फुर आर्नारसोनने याच वाफा पाहिल्या आणि त्यावरून गावाचे नाव रेक्याविक, म्हणजे ‘धुराचे आखात’, असे पडले. आज देशातली दहांपैकी नऊ घरे या उष्णतेवर उबदार राहतात. त्याबद्दल मला आदर आहे, पण जितका मी शुद्ध होत होतो तितका अंड्यांचा वास वाढत होता, आणि त्याविषयी चित्रात एक अक्षरही नव्हते.

अखेर दार उघडले. उघड्या आकाशाखाली, बर्फाच्या भुरभुरीत, ३९ अंशांच्या कुंडात आमची मंडळी अर्ध्या तासापासून गळ्यापर्यंत बुडून दोन म्हाताऱ्यांशी गप्पा मारीत बसली होती. तिला कोणी अडवले नव्हते. तिने चित्र पाहिले आणि त्याप्रमाणे केले.

“अहो, या बायका लग्नानंतरही बापाचेच नाव लावतात म्हणे,” ती म्हणाली. “मी अडतीस वर्षे ‘माधव’ लिहिते आहे.”

मी डोके पाण्याखाली घातले.

परतताना मात्र शहाणपणाने चड्डी आधीच उतरवून न्हाणीघरात शिरलो, साबण लावला, पावलेही धुतली आणि ताठ मानेने कपड्यांच्या खोलीकडे निघालो. वायपर पुन्हा आडवा आला. ओल्या अंगाने पलीकडे जायचे नसते. अंग न्हाणीघरातच कोरडे करायचे आणि त्यासाठी पंचा फवाऱ्यांजवळच्या फळीवर आधीच ठेवलेला असतो. माझा पंचा, ती अभिजात कला संपल्यावर, मी घडी करून कपाटात कुलूपबंद केला होता. रखवालदाराने माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि बाजूला झाला. मी कपाटापर्यंत चालत गेलो, आणि माझ्यामागून, माझ्या प्रत्येक पावलाचे पाणी ओढत, वायपर येत राहिला.