‘नुसतं बडवणं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लगीनसराई आली की धुळे-जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. यंदाही फिरला : ‘ड्रम वाजवायला शिक्षण लागत नाही. जाझवाले तर मनाला येईल तसं बडवतात आणि व्यसनं करून तरुणपणीच मरतात. आपल्या मातीशी त्याचा काय संबंध?’ मी धुळ्यात मुलांना ड्रम शिकवतो. त्याआधी अकरा वर्षं वरातींत साइड ड्रम वाजवला. हाच मेसेज दाखवून एका वडिलांनी पोराचा क्लास बंद केला, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

‘मनाला येईल तसं.’ जाझ म्हणजे अमेरिकेत जन्मलेलं संगीत. त्यातली एक नेहमीची बांधणी ३२ बारची, म्हणजे मात्रांच्या ३२ सारख्या गटांची, असते. आठ-आठ बारचे चार भाग. तिसऱ्याची चाल वेगळी, बाकी तिघांची सारखी. बारला चार मात्रा धरा, १२८ मात्रांचं आवर्तन झालं. ड्रमरचा उजवा हात राइड नावाच्या मोठ्या झांजेवर लय चालती ठेवतो, डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटायची झांजांची जोडी, मिटतो, उरलेला हात आणि पाय बाकी वादकांना जबाब देत राहतात. सोलो घेतानाही ते आवर्तन डोक्यात फिरतच असतं, कारण शेवटी सगळ्यांना एकाच जागी यायचं असतं. पुष्कळदा दुसरा वादक आणि ड्रमर चार-चार बार आळीपाळीने वाजवतात. चार बार म्हणजे १६ मात्रा, आपल्या तीनतालाचं बरोबर एक आवर्तन! तिहाई घेऊन सम गाठणाऱ्या तबलजीला विचारा, याला बडवणं म्हणतात का.

‘शिक्षण लागत नाही.’ जाझ ड्रमर मॅक्स रोच न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकला, पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९८८ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला. दुसरा ड्रमर चिक वेब, त्याला मात्र नोटेशन वाचता येत नव्हतं, हे मान्य. पण म्हणून तो शिकला नव्हता? लहानपणी मणक्याला क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची खुंटली. अशा शरीराने तो न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवायचा, आणि त्यातली प्रत्येक रचना त्याला तोंडपाठ असायची. १९३७ मध्ये बेनी गुडमनच्या नावाजलेल्या बँडशी तिथे सामना झाला, तो वेबने जिंकला. जाझची प्रसिद्ध गायिका एला फिट्झजेराल्ड त्याच्याच ऑर्केस्ट्रात गाऊन मोठी झाली. तोंडपाठ करणं हेही शिक्षणच. आपल्याकडचे बोल पिढ्यान्‌पिढ्या असेच उतरले.

‘तरुणपणीच मरतात.’ वेब ३४व्या वर्षी गेला, तो त्या जुन्या क्षयामुळे, व्यसनामुळे नाही. १९४०-५० च्या दशकांत हेरॉइनने या संगीतातली बरीच माणसं नासवली, ते मी झाकणार नाही. पण रोच ८३ वर्षं जगला. ड्रमर रॉय हेन्स २०२४ मध्ये गेला तेव्हा ९९ वर्षांचा होता.

आता मातीचं. हा मुद्दा मला सगळ्यांत लागला. आपल्या वरातीत मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या, झांजा तिसऱ्याच्या हातात. जाझ जिथे जन्मलं त्या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरही बँडची अशीच विभागणी होती, लग्नापासून अंत्ययात्रेपर्यंत. बेबी डॉड्ससारखे ड्रमर त्याच मिरवणुकांतून पुढे आले. नाचघरात जागा कमी, पैसा कमी, तेव्हा एकानेच बसून सगळं वाजवायचं ठरलं. १९०९ मध्ये लुडविग बंधूंनी मोठ्या ड्रमसाठी पायाचं चांगलं पेडल काढलं आणि ते सोपं झालं. म्हणजे ड्रमसेट हा खाली बसलेला वरातीचा बँडच आहे. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला उभं राहून ढोल वाजवलेल्या पोराला मी जेव्हा हे सेटवर बसवून दाखवतो, तेव्हा त्याचा पाय आपोआप पेडल शोधतो.

आणि त्रिलोक गुर्टू? मुंबईत जन्मलेला, ठुमरी गाणाऱ्या शोभा गुर्टूंचा मुलगा, आधी तबला शिकलेला. पुढे गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनबरोबर जगभर वाजवला. ड्रमपुढे तो स्टुलावर नाही, जमिनीलगत बसतो.

त्या मुलाच्या काड्या अजून माझ्याकडेच आहेत. भाऊ, एकदा त्याला घेऊन या. सोमवारी संध्याकाळी सहाला. तुम्हीही शेजारी बसा आणि १२८ मात्रा बोटांवर मोजा.