‘मूल आपोआप बोलायला लागतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाळांच्या बडबडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘‘मूल आपोआप बोलायला लागतं, यात संशोधन कसलं? तान्ह्या पोरांपुढे खुळखुळे हलवून पगार घ्यायचा.’’ लेख पटला नाही तर कुठलं विधान पटलं नाही ते सांगा. पगार कशाला काढता? समोरासमोर बसलो असतो तर असं बोलला असतात का?

आईवडील घरात मुलांशी किती बोलतात हे मोजताना हार्ट आणि रिस्ली या अमेरिकी संशोधकांनी पाहिलेली ४२ कुटुंबं फार कमी आहेत, हे तुमचं म्हणणं मान्य.

आता खुळखुळ्यांबद्दल. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली असंच खेळणं वापरलं होतं. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली की खेळणं हलायचं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. पहिला शब्द फुटायच्या आधीच कान घरच्या भाषेला जुळत जातो, हे त्या खेळण्यामुळे कळलं. ज्या बाळाच्या कानावर काहीच पडत नाही, त्याचं काय होत असेल?

हे मी नुसतं पुस्तकात वाचून विचारत नाही. माझ्या धाकट्या भावाबद्दल घरातले सगळे तुमचंच वाक्य म्हणायचे. बोलेल आपोआप, मुलगे उशिराच बोलतात. त्याला ऐकू येत नव्हतं. दुसरा वाढदिवस उलटला तरी कुणाला पत्ता नाही, कारण पहिले काही महिने तो चारचौघांसारखाच हुंकार द्यायचा, हसायचा. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड बहिऱ्या बाळांत उशिरा येते, हे आज माहीत आहे, कारण कुणीतरी तासन् तास बाळांपुढे बसून ऐकलं. पहिल्या सहा महिन्यांत बहिरेपण ओळखून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा पुढे सरस राहते, हे ख्रिस्तीन योशिनागा-इतानो या संशोधिकेने १९९८ साली दाखवलं. माझ्या भावाचे ते सहा महिने ‘आपोआप’च्या भरवशावर गेले. म्हणून तुमच्या वाक्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, असा आज तज्ज्ञांचा सल्ला आहे. घरात तान्हं बाळ असेल तर ही चाचणी झाली का, ते आजच विचारा. लेखातल्या चुका दाखवायच्या असतील तर जरूर लिहा. पगारावरची पुढची प्रतिक्रिया मात्र मी काढून टाकेन.