घरासाठी केलं म्हणे!

काल रात्री आमच्या हॉलमध्ये भावाच्या गँगनं ब्रेकिंग बॅड संपवलं, कॅन्सर झाल्यावर मेथ नावाचं ड्रग बनवून विकणाऱ्या वॉल्टर मास्तराची ती अमेरिकन सिरियल. अख्खं जग २०१३ च्या सप्टेंबरमध्ये रडून मोकळं झालंय, आमच्या पेठेत लाट आत्ता आली, असू दे. मी आधीच बघितलेलं, त्यामुळं कांदाभजी तळत आतनं ऐकत होते. पण संपल्यावर जी चर्चा रंगली ना, तिनं माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. "भावा, वाया गेला पण घरासाठी गेला." "नाद खुळा बाप हाय." आणि सगळ्यांचं एकमत कशावर झालं, तर बायको डोक्याला ताप होती यावर. स्कायलर. ती गप बसली असती तर वॉल्टर सुखात राहिला असता म्हणे.

म्हणजे बघा, ज्यानं आपल्याच साथीदाराच्या, जेसीच्या मैत्रिणीला, जेनला, डोळ्यांदेखत गुदमरून मरू दिलं, त्या ब्रॉकला, एवढ्याशा पोराला, विष घातलं, जेसीला पार आयुष्यातनं उठवलं, तो नाद खुळा, आणि जिनं विचारलं पैसे कुठनं आले, ती ताप. वा रे पठ्ठ्यांनो.

माझे एक काका होते. जवळच्यांना माहीत आहेत, बाकीच्यांनी विचारू नका. आम्हाला लहानपणी एवढंच सांगायचे की काका फायनान्स बघतात. फायनान्स म्हणजे सावकारी, महिन्याला दहा टक्के, लायसन वगैरे काही नाही. २०१४ चा सावकारी कायदा तेव्हा यायचा होता, पण १९४६ चा जुना होताच की, पेठेत त्याला कोण विचारतंय. एका संध्याकाळी काका एक एम-एटी घेऊन आले. व्याजात उचललेली. कुणा दूधवाल्याची होती, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे लोखंडी हूक तसेच, एका हुकाला सुतळी गुंडाळलेली, किटली वाजू नये म्हणून. आम्ही पोरं लगेच चढून बसलो. काकी बाहेर आली, गाडीकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आता त्यो दूध कशानं घालणार ओ?"

बास. त्या दिवसापासनं काकी किरकिरी. आज्जीपासनं सगळ्यांनी तेच, "नवरा घरासाठी मरतोय आणि हिची आपली कटकट."

आता "घरासाठी" काढलंच आहे तर बोलूया. पहिल्याच सीझनमध्ये जुना भागीदार एलियट वॉल्टरला नोकरी देत होता, इन्शुरन्ससकट. एलियटची बायको ग्रेचेन म्हणाली उपचाराचा सगळा खर्च आम्ही करतो. घरच्यांचीच काळजी होती तर गोष्ट तिथंच संपत होती ना? नाही घेतले पैसे. का, तर मिजास. त्यांच्यासोबतच्या ज्या कंपनीतला आपला वाटा पाच हजार डॉलरला विकून बाहेर पडला ती पुढं कुठल्या कुठं गेली, ते सलत होतं आत. मान्य, तिकडं आजारपण म्हणजे माणूस धुऊन निघतो आणि मास्तराच्या पगारात काही भागत नाही. पण समोर आलेला हात झिडकारून मेथ शिजवायला गेला तो, हे का विसरता?

काकांना पण माझ्या बाबांनी सांगितलेलं, दुकानात ये, निम्मी भागीदारी घे. नाही आले. कट्ट्यावर कोण उठून उभं राहिलं नसतं ना मग.

स्कायलर धुतल्या तांदळाची नाही, कबूल. कारवॉशमधनं पैसे पांढरे तिनंच केले. पण गोडाऊनमध्ये नोटांचा ढीग दाखवून तो हिशोब कुणी विचारला, हा ढीग अजून किती मोठा व्हायला पाहिजे? तिनंच. अख्ख्या सिरियलमध्ये तो प्रश्न नीट विचारणारी ती एक बाई आणि लोकांनी तिला इतक्या शिव्या घातल्या की ते काम करणाऱ्या ॲना गनला २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहावा लागला, बाबांनो, माझ्या जिवावर उठायच्या गोष्टी करताय तुम्ही. त्या कामाला तिला दोन एमी, म्हणजे टीव्हीतले मोठे पुरस्कार, मिळालेत, तरी आमच्या हॉलमध्ये ती डोक्याला तापच.

आणि ते सायकलवाल्या… सायकल नाही, छोट्या मोटरसायकलवाल्या पोराचं. रेल्वे लुटताना बघितलं म्हणून वॉल्टरच्या टोळीतला टॉड त्याला गोळी घालतो आणि मग ती गाडी सुटी सुटी करून पिंपात टाकतात. तिथं मला भाऊच म्हणाला "पुढं घे गं ताई, बोअर आहे." बोअर! मला तिथं ते किटलीचे हूक दिसत होते. आणि वॉल्टर थोड्या वेळानं काम करता करता शिट्टी वाजवतोय. काका पण वाजवायचे, अंघोळीला जाताना, मस्त सुरात.

ब्रायन क्रॅन्स्टननं वॉल्टरचं काम जबरदस्त केलंय, त्यात वादच नाही, मला पण दोनदा रडू आलं. जेसीला शेवटी सोडवतो, तेही खरं. पण अरे, तो माणूस शेवटच्या भागात स्वतःच्या तोंडानं बायकोला सांगतो की मी हे माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं, मला जमत होतं. स्वतः! आणि आमचे वकील अजून घरासाठी, घरासाठी. आरोपी गुन्हा कबूल करतोय आणि हे त्याचं ऐकायला तयार नाहीत. मरतो तरी कुठं? लॅबमध्ये, त्या टाक्यांवर हात फिरवत.

असो. खूप झालं. भावाशी आज सकाळी बोलले नाही, आता चहाला हाक मारते, पोरगं वाईट नाही.

मघाशी काकीला फोन केला. तिला सगळी स्टोरी सांगितली, तिनं निवांत ऐकली, मध्ये एकदा "अगं बया" म्हणाली. मग विचारलं, "आणि त्या बाईचं काय झालं शेवटी?" म्हटलं, घर गेलं, पैसा गेला, आता छोट्या खोलीत राहते, टॅक्सीवाल्यांच्या ऑफिसात फोनवर काम करते.

"पगार बरा आसतोय का तिकडं त्या कामाला?"