कोटणीसांच्या घरात सोलापूरही दिसू दे

पाहुण्यांना सोलापूर दाखवायचं म्हटलं की आपली वाट ठरलेली. सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला, मग चादरी आणि शेंगाचटणी. भैया चौकातल्या कोटणीसांच्या घराचं नाव काढलं की घरचेच विचारतात, "तिथं काय बघायचंय बे?" चीनहून आलेली माणसं मात्र वाट वाकडी करून तिथं हार घालून जातात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म या घरात १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे एक. बाकीचे चौघे परतले. हे तिथंच राहिले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, गेले.

गलवानमधल्या २०२० च्या भारत-चीन चकमकीनंतर काहींना या घरातलं स्मारकच खुपायला लागलंय. अहो, कोटणीस गेले तेव्हा आजचं चिनी सरकार जन्मालाही आलं नव्हतं, ते आलं १९४९ मध्ये. आपण स्वतःच इंग्रजांचे गुलाम होतो. गुलाम देशाने परक्यांच्या जखमा बांधायला डॉक्टर धाडावेत, ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. घर जपलं, २०१२ मध्ये स्मारक खुलं झालं, फार चांगलं झालं. (नाहीतर आपल्याकडे जुना वाडा म्हणजे बिल्डरची वाट बघणारा प्लॉट.) पण चीनमधल्या चार वर्षांआधी या माणसाला एक गाव होतं. त्या गावासाठी एक खोली हवी. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू या कापडगिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारं गाव. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येणारं गाव. १९३० मध्ये इंग्रजांनी जिथं मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला ज्याचे चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. असल्या हवेतल्या पिढीचा पोरगा युद्धात डॉक्टर म्हणून जायला का तयार झाला असेल, याचा अंदाज नुसते फोटो बघून येत नाही.

त्या खोलीसाठी सामान आपल्याच माळ्यांवर आहे. आजोबांचं गिरणीचं हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, आजीचा चरखा. निदान भंगारवाल्याला देण्याआधी एकेक फोटो तरी काढून ठेवा.